पहिले बिल: बेळगावच्या एका माजी विद्यार्थी उद्योजक मेळाव्याचा प्रकरण अभ्यास

हा मेळावा नमुन्याचा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या महाविद्यालयांच्या मेळाव्यांत जे हमखास घडते, त्यावरून तो रचला आहे. हजेरी, दर आणि खर्चाचे आकडे हिशेब मांडता यावा म्हणून धरलेले आहेत, माणसेही कल्पित आहेत. कायद्याचे नियम आणि ठिकाणे मात्र खरी आहेत.

मूळ बेत

टिळकवाडीतले सभागृह, रविवार, अपेक्षित हजेरी १४०. माजी विद्यार्थी संघाच्या समितीने आदल्या वर्षीचाच कार्यक्रम पुन्हा छापायला काढला होता. दहाला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, बारा यशस्वी उद्योजकांचा सत्कार, प्रमुख पाहुण्यांचे भाषण. जेवणानंतर दहा होतकरूंनी प्रत्येकी पाच मिनिटांत आपली कल्पना मांडायची, तीन परीक्षकांनी गुण द्यायचे आणि पहिल्याला २५,००० रुपयांचे बक्षीस.

आदल्या वर्षी याच बेताचे काय झाले ते समितीतल्या एका सदस्याने फोन करून विचारले. दहापैकी एकाचाही माल मेळाव्याला आलेल्या कुणी घेतला नव्हता. बक्षीस मिळालेल्याने ते पैसे जुन्या उधारीत भरले होते. कल्पना वाईट नव्हत्या. परीक्षक बँकेतले आणि सॉफ्टवेअरमधले होते, त्यांचे प्रश्न दोन वर्षांत दसपट कसे वाढणार या थाटाचे होते, आणि समोरचा मुलगा मच्छेच्या एका शेडमध्ये एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे धातू कापायचे मशीन) घेऊन बसलेला. त्याला भागीदार नको होता. आठवड्याला चाळीस तास मोकळ्या उभ्या मशीनला काम हवे होते.

बेळगावचा उद्योग कसला आहे हे इथे विसरून चालत नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती या भागांत ओतकाम, मशीनिंग, हायड्रॉलिकचे सुटे भाग. शहापूर-वडगाव-खासबागेत यंत्रमाग. खानापूरकडे माती आणि काजू, निपाणीकडे तंबाखू आणि गूळ. अशा धंद्याला सुरुवातीला लागते ते पहिले गिऱ्हाईक, कुणाच्या तरी मशीनचे तास, एखादा पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना) आणि तीस दिवसांची उधारी. हे सगळे सभागृहातच बसलेले असते, फक्त ते सत्काराच्या खुर्चीत बसलेले असते.

आणि ते जेवून निघून जाते. एका सत्काराला परिचय, शाल, श्रीफळ, फोटो आणि दोन शब्द धरून सात मिनिटे कुठे गेली नाहीत, म्हणजे बारा सत्कारांना ८४ मिनिटे. सत्कारमूर्ती एक वाजता जेवतात, दीडला गाडी काढतात. दुपारी होतकरू बोलायला उभा राहतो तेव्हा समोर ऑर्डर देऊ शकणारा एकही माणूस नसतो. समितीने सगळ्यात आधी बदलले ते हे. सत्कार रद्द झाला. नाराजी आली, ती अध्यक्षांनी एकेकाला स्वतः फोन करून निस्तरली. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या निरोपाने ती निस्तरली नसती.

यादी कुणाची?

विद्यापीठाचा मेळावा म्हटले की या भागात पहिला घोळ यादीचा. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रविद्या विद्यापीठ झाले, त्याआधी इथे शिकलेल्या अभियंत्याच्या पदवीवर धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आहे. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ आले, त्याआधीचे कला-वाणिज्यवालेही धारवाडचेच. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, ते वेगळेच. शिवाय सीमेपलीकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेऊन परत आलेले बरेच. विद्यापीठाच्या नोंदीवरून यादी काढली तर उद्यमबागेतले पन्नाशी-साठीचे कारखानदार, म्हणजे नेमके माल घेऊ शकणारे, तिच्यात सापडतच नाहीत.

म्हणून नोंदणी अर्जात विद्यापीठाचा रकाना काढून टाकला. महाविद्यालय आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष एवढेच विचारले. प्रत्येक पाच वर्षांच्या गटाला एक ओळखीचा माणूस नेमला आणि त्याने आपल्या गटातले किमान पंधरा फोन करायचे ठरले. अर्ज मराठी आणि कन्नड दोन्हींत छापला. उद्यमबागेत एकाच शेडचा मालक मराठी आणि फोरमन कन्नड बोलणारा असतो, तेव्हा मेळावा एका भाषेत भरवला तर अर्धा व्यवहार दाराबाहेरच राहतो. प्रवेशद्वारावरच्या फलकावर कन्नड मजकूर वर आणि मोठा ठेवला. त्यावरून ऐनवेळी वाद झाला तर अख्खी सकाळ त्यातच जाते.

तारीख

डिसेंबर बाद, कारण सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरते आणि शहरात खोली मिळत नाही. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे राज्योत्सवाच्या आणि काळ्या दिवसाच्या, आगेमागे नको, हे कुणी सांगायला लागत नाही. गणेशोत्सव नको, वैशाखातली शिवजयंतीची मिरवणूक असलेला आठवडा नको. जानेवारीत उसाचा हंगाम ऐन भरात असतो, त्यामुळे अथणी, रायबाग, चिक्कोडीकडचे गूळवाले आणि वाहतूकवाले येत नाहीत. समितीने तरीही जानेवारीच धरला, कारण पुण्या-बंगळूरचे लोक संक्रांतीला गावी येतात. हा निर्णय वादाचाच आहे. गूळ-शेतीमालाच्या धंद्यांसाठी मेळावा करायचा असेल तर मेचा पहिला पंधरवडा बरा.

सुरुवात साडेदहाला ठेवली. बंगळूरहून रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघालेला माणूस सकाळी उतरतो, आंघोळ-नाश्ता करून सभागृहात यायला त्याला दहा वाजून जातातच.

हवे आणि देतो

अर्जाच्या मागच्या बाजूला दोनच चौकटी होत्या: ‘मला हवे’ आणि ‘मी देऊ शकतो’. पहिल्या फेरीत जे भरून आले ते निरुपयोगी होते. हवेमध्ये ‘गुंतवणूक’, देतोमध्ये ‘मार्गदर्शन’. यातून जोडी लागत नाही. म्हणून तीन विद्यार्थ्यांना फोनवर बसवले. दर फोन सरासरी दहा मिनिटे, १४० फोन म्हणजे साडेतेवीस तासांच्या आसपास, प्रत्येकाला आठेक तास, चार संध्याकाळी. त्यांना तीन प्रश्न पाठ करून दिले: किती, कधी, आणि आत्ता ते कुठून घेता?

तिसऱ्या प्रश्नाने अर्ज सरळ झाले. ‘मार्गदर्शन’ लिहिणाऱ्या एका गृहस्थांकडे कास्टिंगचा कडकपणा मोजायचे मशीन निघाले आणि ते शनिवारी दुपारी मोकळे असते. ‘गुंतवणूक’ लिहिणाऱ्याला खरे तर ८,००० रुपयांचे फिक्स्चर, म्हणजे नग मशीनवर पकडून ठेवायची चौकट, करायचे होते.

मग जोड्या. छत्तीस भेटी ठरवल्या: बारा टेबले, तीन फेऱ्या, प्रत्येकी वीस मिनिटे, मध्ये पाच मिनिटे जागा बदलायला. एकूण ७० मिनिटे. इथे नेहमीची अडचण उभी राहिली. पुण्याच्या एका वाहन कंपनीत खरेदी विभागात असलेल्या माजी विद्यार्थ्याला एकोणीस जणांनी मागितले. त्याला तीनच भेटी दिल्या आणि उरलेल्यांसाठी दुपारी तासाभराची गटचर्चा. त्यालाही आधीच स्पष्ट सांगितले होते की ऑर्डरचा शब्द द्यायचा नाही. नोकरीतला माणूस मेळाव्यात शब्द देऊन बसला तर कंपनीत त्याच्याच निष्ठेवर प्रश्न येतो. पुरवठादार म्हणून नाव लागायला काय लागते ते मात्र त्याने सांगावे: उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी), तीन वर्षांचे ताळेबंद, मोजमापाच्या गेजची कॅलिब्रेशन (अचूकता तपासल्याची) प्रमाणपत्रे, आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र असल्यास ते. यातल्या गेजच्या ओळीने चार जण वाचले. त्यांची व्हर्नियर घेतल्यापासून एकदाही तपासून आणलेली नव्हती.

प्रत्येक टेबलावर दोन्ही भाषा येणारा एक जण, कोरा कागद आणि एक नियम: उठण्याआधी पुढचे पाऊल, तारीख आणि ते कोण टाकणार हे लिहायचे. ‘बघू या’ लिहिलेला कागद परत द्यायचा. एका जीएसटी सल्लागारांना दिवसभरासाठी वेगळे टेबल दिले. सीमाभागात हे टेबल प्रमुख पाहुण्यांपेक्षा जास्त कामाला येते, ते पुढे कळेलच.

पैशाचे

नोकरी-धंद्यात असलेल्या ९० जणांकडून ५०० रुपये आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या ५० जणांकडून १५० रुपये, मिळून ५२,५००. खर्च: सभागृह १२,०००, चहा, नाश्ता, जेवण १५० पानांचे २२० रुपयांप्रमाणे ३३,०००, टेबले आणि ध्वनिक्षेपक ६,०००, छपाई ३,५००. बेरीज ५४,५००. नोंदणीतून मेळावा जवळपास निघतो.

जुन्या बेतात यावर शाल-स्मृतिचिन्हे १०,८००, पाहुण्यांचा प्रवास-मुक्काम ९,०००, फ्लेक्स ६,००० आणि बक्षीस २५,००० असे ५०,८०० चढत होते, आणि त्यासाठी देणगीदारांनी ५३,००० कबूल केले होते. समितीने देणगीदारांना विचारून ते पैसे वळवले. १८,००० तीन महिन्यांच्या समन्वयकाला, महिना ६,०००. दोन हजार मेळाव्याची तूट. उरलेल्या ३३,००० चा नमुना निधी केला: पॅटर्न, फिक्स्चर, प्रयोगशाळेची तपासणी, लेबलाची छपाई अशा कामाला एका प्रकरणात जास्तीत जास्त ५,००० रुपये, तेही बिल दाखवल्यावर. रोख हातात नाही. पाहुण्यांना स्मृतिचिन्हाऐवजी कुंद्याचा (बेळगावच्या मिठाईचा) डबा दिला, तो जेवणाच्या खर्चात बसला. कुणी तक्रार केली नाही.

पहिली जोडी: मच्छे आणि शिरोली

मच्छेच्या शेडमधला तरुण आणि कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत शेती अवजारांचे भाग करणारे एक जुने माजी विद्यार्थी. भाग साधा: एसजी ५००/७ या प्रतीच्या ओतीव लोखंडाचा ब्रॅकेट, वजन ३.२ किलो. कास्टिंग शिरोलीकर देणार, मशीनिंग मच्छेत.

तरुणाने टेबलावर नगाचा भाव सांगायला सुरुवात केली. समोरच्याने थांबवले. “भाव नंतर सांगा. सायकल किती मिनिटांचा, ते आधी सांगा.” सायकल म्हणजे एक नग पुरा व्हायला लागणारा वेळ. क्लॅम्पिंग, म्हणजे नग मशीनवर आवळणे, धरून नऊ मिनिटे. मशीनचा तास ४५० रुपये धरला तर नगाला ६७.५० रुपये. २०० नगांना तीस तास, १३,५०० रुपये. फिक्स्चर वेगळे: ८,०००, त्यातले ५,००० नमुना निधीतून आणि ३,००० तरुणाचे. नवख्याचा भाव कोसळतो तो बहुधा इथेच. तो कटिंगचा वेळ धरतो आणि नग चढवण्या-उतरवण्याचा विसरतो.

वीस मिनिटांतली आठ रिजेक्शनवर, म्हणजे बाद नगांचे काय करायचे यावर, गेली आणि ती सगळ्यात मोलाची. ओतीव नगातला ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, वरून दिसत नाही, मशीन लागल्यावर उघडा पडतो. तोवर मशीनवाल्याचा वेळ आणि इन्सर्ट (कापायचे पाते) गेलेले असतात. लिहून काय ठरले? दोष ओतकामाचा असेल तर झालेल्या कामाची पूर्ण मजुरी द्यायची. दोष मशीनिंगचा असेल तर लॉटच्या दोन टक्क्यांपर्यंत माफ, त्यापुढच्या प्रत्येक नगाला कास्टिंगची किंमत कापायची. किलोला ११० रुपये धरून नगाची किंमत ३५२ रुपये. पुढे २०० नगांच्या लॉटमध्ये ११ नग ब्लो होलने गेले, ५ मशीनिंगने. दोन टक्के म्हणजे चार माफ, एकाचे ३५२ कापले. भांडण झाले नाही, कारण ठरवायचे काही उरले नव्हते. ड्रॉइंगवर रिव्हिजन क्रमांक नव्हता हे मात्र सुटून गेले आणि एका भोकाचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) जुन्या प्रतीवरून धरला गेला. ते चाळीस नगांच्या चाचणीतच लक्षात आले म्हणून निभावले.

त्या चाचणीच्या मालाची किंमत १४,०८० रुपये. शिरोलीतल्या डिस्पॅचवाल्याने चलन (माल पाठवल्याचा कागद) केले आणि गाडी लावली. ई-वे बिल (मालवाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन नोंद) पन्नास हजारांच्या वर लागते एवढे त्याला माहीत होते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून घ्यायला, माल पाठवताना मात्र किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागते. जीएसटीच्या टेबलावर हे सांगितले होते, पण ते मालकाला. डिस्पॅचच्या पोराला कुणी सांगितले नव्हते. समन्वयकाने आदल्या दिवशी फोन केला म्हणून गाडी निघण्याआधी बिल निघाले. ते नसताना गाडी अडली तर कराच्या दुप्पट दंड भरून माल सोडवावा लागतो, आणि नव्या माणसाबरोबरचा पहिलाच व्यवहार असा सुरू झाला की दुसरा होत नाही. जॉबवर्कचा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो विक्री मानला जातो. ही मुदत या कामात अडचणीची नाही, पण चलनांची नोंदवही दोघांनीही ठेवायची.

मजुरीचे पैसे ४५ दिवसांत, असे लेखी. लेखी नसते तर कायद्याने पंधराच दिवस. तरुणाची उद्यम नोंदणी असल्याने त्याने बिलावर तो क्रमांक छापला. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. हे समोरच्याच्या हिशेबनीसाला ठाऊक असते, त्यामुळे बिलावरचा क्रमांक आठवण करून देण्याचे काम आपोआप करतो.

दुसरी जोडी: निपाणी आणि कोल्हापूर

निपाणीतल्या एक ताई कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी करतात. समोर कोल्हापुरात तीन दुकाने असलेले माजी विद्यार्थी. चव घेऊन झाल्यावर ते म्हणाले, “माल चांगला आहे ओ ताई, पण जांगड ठेवणार. खपला तर पैसे, नाही तर परत.”

जांगड घ्यावी का? २०० ग्रॅमच्या पाकिटाची छापील किंमत ६५, दुकानदाराला २५ टक्के म्हणजे ताईंच्या हाती ४८.७५, उत्पादनखर्च ३८. नगामागे पावणेअकरा रुपये. १२० पाकिटांतली २४ परत आली आणि ती टाकावी लागली तर ९६ विकल्याचे १,०३२ मिळतात, २४ चे ९१२ जातात. उरले १२० रुपये, त्यातून गाडीभाडेही सुटत नाही. म्हणून सल्ला असा दिला गेला: जांगड मान्य, पण साठ दिवसांच्या टिकाऊपणापैकी तीस दिवस शिल्लक असतानाच परत घेणार, म्हणजे ती पाकिटे निपाणीत खपवता येतात. आणि पहिला लॉट १२० चा नाही, ४८ चा.

खरी गाठ वेगळीच होती. ताई जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकाने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत. त्या योजनेतल्या उत्पादकाला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. निपाणीहून बेळगाव सत्तरेक किलोमीटर, तिथे चालते. महाराष्ट्रातले कागल वीसेक किलोमीटर, तिथे चालत नाही. दुकानदार निपाणीत येऊन माल उचलून नेईल ही पळवाट सल्लागारांनी मोडून काढली, कारण माल शेवटी कुठे पोचतो तेही पाहिले जाते. नोंदणीच रद्द करून टाकू, उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, हाही मार्ग बंद: करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते.

उरला एकच रस्ता, कंपोझिशन सोडून नियमित नोंदणीत येणे. मग बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लावायचा, पॅकिंग साहित्य आणि कच्च्या मालावर भरलेला कर वळता करून घ्यायचा, तिमाही विवरण भरायचे. विवरणे भरून देणाऱ्याची फी महिन्याला ७०० रुपये धरली तरी ती निघायला कोल्हापुरात महिन्याला ६५-६६ पाकिटे खपायला हवीत. तेवढी खपणार असतील तरच सोडा, असे सल्लागारांनी स्पष्ट सांगितले. छापील किमतीत कर धरलेला असतो, त्यामुळे ६५ चा भाव तसाच ठेवला तर पावणेअकरातूनही काही जाणार, हेही.

लेबलाचे आणखी एक. ताईंचे लेबल एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, फार देखणे. पण पाकिटावरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी आणि कन्नड त्याच्या जोडीला चालतात, त्याऐवजी नाही. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, पत्ता, तक्रारीसाठी फोन, घटक, एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक, शाकाहारी चिन्ह, आणि शेंगदाणा असल्याने अ‍ॅलर्जीची सूचना. छापून घेतलेली हजारभर लेबले वाया गेली. नव्या छपाईला नमुना निधीतून ३,२०० रुपये दिले.

ताईंनी महिनाभर काहीच केले नाही. समन्वयकाच्या तिसाव्या दिवसाच्या वहीत ‘विचार चालू’ एवढेच आहे. आधी बेळगावात दोन दुकानांत माल ठेवून पाहिला, तिथे खप दिसला, मग कंपोझिशन सोडली. कोल्हापूरचे पहिले बिल ८३ व्या दिवशी निघाले. समितीतल्या काहींना हे फार सावकाश वाटले. तसे ते नाही.

नव्वद दिवस

समन्वयक म्हणून वाणिज्य शाखेची अंतिम वर्षाची विद्यार्थिनी घेतली. काम एवढेच: सातव्या, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी दोन्ही बाजूंना फोन, आणि ज्या दिवशी माल निघणार त्याच्या आदल्या दिवशी एक. वहीत चारच रकाने: नमुना गेला का, भाव दिला का, पहिले बिल फुटले का, दुसरे फुटले का. व्हॉट्सअ‍ॅप गट काढला नाही. गटात तिसऱ्या दिवसापासून सुप्रभात सुरू होते आणि सातव्या दिवशी ज्याला विचारायचे तो गट मुका करून बसलेला असतो.

छत्तीस भेटींपैकी १४ मध्ये नमुना किंवा भावपत्रक गेले. पाच ठिकाणी पहिले बिल झाले, दोन ठिकाणी दुसरेही. बाकी बावीस कुठे अडल्या, हे वहीतून काढले तर सगळ्यात मोठा गट नऊ जणांचा: भेटीत ज्याने ‘मी करतो’ म्हटले त्याच्या हातात निर्णयच नव्हता, तो वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या हातात होता. उद्यमबागेतल्या घरच्या कारखान्यांत हे नेहमीचे आहे. पुढच्या अर्जात त्यासाठी एक ओळ वाढवली आहे, खरेदीचा निर्णय घरात कोण घेतो, आणि त्यांनाही टेबलावर बोलवायचे ठरले आहे, माजी विद्यार्थी असोत वा नसोत. ही वडीलधारी मंडळी येतील का हा प्रश्न आहे. जेवणाला येतात, म्हणून भेटीच्या फेऱ्या जेवणाच्या लगेच आधी ठेवल्या आहेत.

नमुना निधीतून सहा प्रकरणांत मिळून २३,७०० रुपये गेले. एकाने पॅटर्नचे बिल आणले, पण पॅटर्न दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या भागाचा निघाला, तेव्हा ५,००० परत मागून घेतले. आता बिलाबरोबर ड्रॉइंगची प्रत जोडायची आणि टेबलावरच्या कागदाशी ती ताडून मगच पैसे सोडायचे, अशी नोंद समितीच्या वहीत झाली आहे.